आपी म्हणजे पाणी नव्हे

सिलात शिकायला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत एक वही होती आणि तिच्या पहिल्या पानावर मी चार शब्द लिहून ठेवले होते: तानाह, आयर, आपी, आंगिन. क्वालालंपूरमधल्या माझ्या कार्यालयातील एका मलय सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत ते सांगितले होते. मलय लोकांच्या या युद्धकलेच्या मुळाशी चार तत्त्वे आहेत एवढेच तो म्हणाला आणि भाताकडे वळला. अर्थ विचारण्याची मला गरज वाटली नाही, कारण ते मला आधीच कळले आहेत अशी माझी खात्री होती. 'आपी' हा उघडच संस्कृतातला 'आप', म्हणजे पाणी. 'आंगिन' हा अग्नी. उरलेले दोन शब्द माती आणि वारा असणार. या चारांत आकाश मिळवले की आपली पंचमहाभूते पूर्ण होतात, असा हिशोब मी वहीत टिपणाच्या रूपाने मांडूनही टाकला.

प्रत्यक्षात आपी म्हणजे आग आणि आंगिन म्हणजे वारा. पाण्याला आयर म्हणतात आणि मातीला तानाह. माझ्या चार उत्तरांपैकी बरोबर निघाले ते फक्त तानाह, आणि तेही केवळ योगायोगाने.

ही चूक मी सविस्तर सांगतो आहे, कारण पुढची दोन वर्षे मी याच चुकीच्या निरनिराळ्या आवृत्त्या करत होतो. मलय भाषेत मराठी माणसाला मोहात पाडणारे शब्द पदोपदी भेटतात. बूमी म्हणजे भूमी, जीवा म्हणजे जीव, बाहासा म्हणजे भाषा, मांतेरा म्हणजे मंत्र, सिंगा म्हणजे सिंह, आणि शिकवणाऱ्याला तर सरळ गुरूच म्हणतात. मी ज्या राज्यात शिकायला जात असे, त्या नगरी सम्बिलान या नावातसुद्धा आपली 'नगरी' बसलेली आहे. इतके शब्द ओळखीचे निघाल्यावर कल्पनाही आपल्याच असणार असे वाटू लागते. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांत 'हे सगळे मूळचे आपलेच' असे म्हणण्याची खोड आहे, आणि मी तिला अपवाद नव्हतो.

सेरेम्बान हे नगरी सम्बिलानचे मुख्य शहर क्वालालंपूरच्या दक्षिणेला साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. तिथून पुढे रबराच्या मळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घरामागे आमचे गलांगांग होते. गलांगांग म्हणजे सिलातचे मैदान. शहरातल्या स्पर्धांसाठी दहा मीटर लांब-रुंद मॅट अंथरतात. इथे मात्र झाडून, पाणी शिंपडून दाबलेली माती होती, कडेला नारळाची आणि रांबुतानची झाडे होती आणि एका खांबावर पिवळा दिवा होता. शनिवारी रात्री, दिवसाची शेवटची नमाज झाल्यावर, सराव सुरू होत असे. या प्रदेशात सुमात्रातून आलेल्या मिनांगकाबाऊ लोकांची जुनी वस्ती आहे, आणि त्यांच्या सिलातची छाप इथल्या सिलातवर आहे. त्यांचीच एक म्हण गुरूंच्या तोंडी सतत असे: 'आलम तरकम्बांग जादी गुरू', पसरलेले जगच गुरू होते. हा 'आलम' म्हणजे आपल्या 'आलम दुनिये'तलाच अरबी आलम. तो ओळखीचा निघाला म्हणून मला आनंद झाला, आणि तो लपवावा असेही तेव्हा वाटले नाही.

गुरूंना सगळे चिकगू म्हणत. ते निवृत्त शाळामास्तर होते, बोलणे हळू आणि मोजके. पहिल्या रात्री मी वही काढली तेव्हा त्यांनी ती घेतली, पाने न उघडता ओट्यावर ठेवली आणि मला पायांतले बूट काढायला सांगितले. मी मुसलमान नाही, हे त्यांना ठाऊक होते. सरावाच्या आरंभी बाकीचे दुवा म्हणत तेव्हा मी हात जोडून गप्प उभा राहायचे, असे त्यांनी ठरवून दिले. तोपर्यंत मी पाहुणा. विधीने शिष्य करून घेण्याचे पुढे पाहू, असेही ते म्हणाले.

त्यानंतर सात महिने तानाह.

कुडा-कुडा या नावाची एक बैठक असते. कुडा म्हणजे घोडा. गुडघे वाकवून, कंबर खाली सोडून, पाठ अलिफ अक्षरासारखी सरळ ठेवून उभे राहायचे. तिच्यातून 'लांकाह तिगा', म्हणजे तीन पावले, टाकायची. जमिनीवर त्रिकोणाच्या टोकांवर नारळाच्या तीन करवंट्या पालथ्या ठेवलेल्या असत आणि त्यांना धक्का न लावता पायाने त्यांच्याभोवती चंद्रकोर काढत जायचे. माझे बालपण कोल्हापुरात गेले आणि पाच-सहा वर्षे मी तालमीत लाल माती अंगाला लावली होती, त्यामुळे मातीचा भाग मला सोपा जाईल असे मी गृहीत धरले होते. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद आणि लिंबू घालतात, ती माती कपाळाला लावून पैलवान उतरतो. इथेही लोक मैदानात शिरताना वाकून जमिनीला हात लावत होते. मला ते घरच्यासारखे वाटले.

चिकगूंनी पहिल्या महिन्यातच माझा तालमीचा पाय ओळखला. त्यांची पद्धत अशी होती, की सराव संपला की सगळ्यांना मैदानाबाहेर थांबवायचे आणि विजेरी घेऊन ताज्या मातीवरचे ठसे एकेक करून पाहत जायचे. तापाक या मलय शब्दाचे अर्थ तळपाय, पाऊलखूण आणि इमारतीची जागा असे तिन्ही आहेत, आणि सिलातमध्ये पायांच्या मांडणीलाही तापाकच म्हणतात. माझ्या ठशांवर ते थांबत. बोटांकडची बाजू खोल, टाच उथळ. कुस्तीत समोरच्यावर वजन टाकायचे असते, त्यामुळे शरीर नकळत पुढे झुकते आणि पायाची बोटे जमीन धरून ठेवतात. इथे पाय टेकल्यावरही तो लगेच उचलता आला पाहिजे, वजन मागेपुढे कुठेही गहाण पडता कामा नये, आणि तरीही कोणी ढकलले तर माणूस हलता कामा नये. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरोधी आहेत असे मी एकदा म्हणालो. चिकगूंनी विजेरी रांबुतानच्या बुंध्याशी धरली आणि म्हणाले, "याने जमीन धरून ठेवली आहे का? ते जमिनीत आहे, एवढेच."

मातीवर हे वाचता येते आणि मॅटवर येत नाही, हे मला तेव्हा लक्षात आले. स्पर्धेच्या पेंचाक सिलातला 1987 पासून आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत स्थान आहे आणि 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांतही ते होते; त्या खेळाचा वेग आणि नेमकेपणा पाहून मी थक्क होतो. पण तिथे गुण लाथेला आणि पाडण्याला मिळतात, ठशाला नाही.

आठव्या महिन्यात ठशांतली टाच आणि बोटे साधारण सारखी दिसू लागली, तेव्हा मला जोडीदार मिळाला. जोडीदार म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या एक निवृत्त परिचारिका. त्यांना सगळे काक, म्हणजे ताई, म्हणत. सिलातमध्ये नाचासारख्या हातवाऱ्यांना बुंगा, म्हणजे फूल, म्हणतात आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्यक्ष डावांना बुआह, म्हणजे फळ. सगळ्याच घराण्यांत फूल असते असे नाही. केडाह राज्याकडून आलेल्या सिलात चेकाक या घराण्यामध्ये फुलाला जागाच नाही, तिथे थेट फळ. आमच्याकडे दोन्ही होते.

पाण्याचे तत्त्व म्हणजे मवाळपणा, असे मी वाचून आलो होतो. म्हणून काकांनी (मराठीत हे विचित्र दिसते, पण ताईंना तिथे काकच म्हणतात) छातीवर हात टाकला की मी मऊ होऊन मागे सरत असे, आणि त्या प्रत्येक वेळी माझे मनगट त्यांच्या हातात अडकत असे. अडकवण्याच्या या डावांना कुंची म्हणतात. हा शब्द खरोखरच संस्कृतातून, आपल्या कुंजीच्या घरून, गेलेला आहे, आणि मनगट, कोपर व खांदा अशी तीन कुलुपे एकामागून एक लागताना अनुभवली की शब्दाची निवड पटते. एकदा मी पाठीवर सपाट पडलो तेव्हा त्या दचकून "कुर समांगात!" म्हणाल्या. समांगात म्हणजे माणसातले चैतन्य. मलय लोकधारणेत ते भातालाही असते, आणि दचकल्यावर ते अंगातून निसटू नये म्हणून त्याला कोंबडीच्या पिलांना बोलावावे तसे हाक मारून परत बोलावतात. मला पाडणाऱ्याच बाईने माझे चैतन्य परत बोलावले.

चिकगूंनी मग एवढेच सांगितले, की पाणी मागे जात नाही, खाली जाते. याचा शरीरातला अर्थ लागायला मला पावसाळा गेला. वरून आलेल्या हाताला विरोध न करता, पण त्याच्यापासून दूरही न पळता, गुडघ्यातून खाली सुटायचे आणि तिरके पाऊल टाकून त्या हाताच्या आतल्या बाजूला पोहोचायचे. दूर सरणाऱ्याचा हात ताणला जातो आणि ताणलेल्या हाताला कुलूप लागते. आत शिरणाऱ्याचा हात वाकलेला, भरलेला राहतो. ज्या दिवशी हे पहिल्यांदा साधले त्या दिवशी मी पाण्याचा विचारही करत नव्हतो, खाली जाणाऱ्या स्वतःच्या टाचेकडे लक्ष देत होतो. म्हणजे पाणी मातीतून आले.

यानंतर आग यावी असे माझ्या वहीप्रमाणे ठरले होते, कारण वार करणे, तुटून पडणे हे आगीचे काम. ती आलीच नाही. मी विचारले की चिकगू विषय बदलत. आपल्याकडे अग्नी हा देवांचा पुरोहित. लग्नाला, होमाला, अंत्यविधीला साक्षी असणारा. त्याच्याबद्दल एवढा संकोच कशाला, हे मला उमगेना. शेवटी एका रात्री सराव आटोपल्यावर, चहा पिताना, त्यांनी आदमची कथा सांगितली. आदमला मातीपासून घडवले आणि त्याच्यापुढे वाकण्याची आज्ञा झाली. इब्लिसने, म्हणजे सैतानाने, नकार दिला, कारण आपण आगीचे आणि हा मातीचा, तेव्हा आपण श्रेष्ठ, असे त्याचे म्हणणे. कुराणातली ही कथा मी पूर्वी कुठेतरी वाचलेली होती, पण सात महिने मातीत उभे राहिल्यानंतर ती ऐकणे वेगळे होते. माती म्हणजे वाकणारा माणूस आणि आग म्हणजे न वाकणारा गर्व, अशी ही मांडणी आहे. तिच्यात पवित्र साक्षीदाराला जागा नाही. चारही तत्त्वांचे क्रम, त्यांचे मोल, त्यांच्यातले कोण कोणाला आवरते, हे सगळे या कथेने ठरवले होते, आणि मी वर्षभर त्यावर माझा होमकुंडाचा अग्नी बसवू पाहत होतो.

चिकगूंनी त्याच ओघात आमूक हा शब्द वापरला. मलयमधून जगभर गेलेल्या थोड्या शब्दांपैकी तो एक आहे: भान सुटून समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडणारा माणूस. त्यांच्या हिशोबी आमूक म्हणजे पाय सुटलेली आग. आगीचा सराव मला पुढे मिळाला तो तीनच हालचालींचा, आणि त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. वार लहान असतो, श्वासाएवढाच टिकतो आणि लगेच मातीत परत यावे लागते.

तत्त्वे चारच का, पाच का नाहीत, हेही मी त्याच चहाच्या वेळी विचारले. चार तत्त्वांची ही कल्पना मलय मुलखात मुख्यतः ग्रीकांकडून अरबी वैद्यकाच्या वाटेने पोहोचली. 'आंगकासा' म्हणजे आकाश हा संस्कृत शब्द मलयमध्ये आहे, अगदी रोजच्या वापरात आहे, पण या मोजणीत तो नाही. मलय वैद्यकातही शरीर याच चारांचे बनलेले मानतात, आजार म्हणजे त्यांचा बिघडलेला तोल, आणि खाण्यापिण्यातले उष्ण-थंड त्याला जोडलेले. ड्युरियन उष्ण, म्हणून त्यावर थंड मँगोस्टीन खायचे, हे तिथे शेंबडे पोरही सांगते. काही परंपरांत हीच चार तत्त्वे चार प्रमुख फरिश्त्यांशी किंवा पहिल्या चार खलिफांशी जोडतात, आणि दोन गुरूंची जोडणी एकसारखी असेलच असे नाही. मी पाच महाभूतांची यादी सांगितली, तेव्हा चिकगूंनी ती मन लावून ऐकली. "मग तुला एक जास्त शिकावे लागेल," असे म्हणून ते हसले आणि कप विसळायला उठले.

उरला वारा. त्याविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते आणि सर्वांत कमी लिहिता येते. आंगिन म्हणजे वारा, पण माणसाच्या स्वभावातली ओढ, लहर, आतून येणारी उसळी यालाही आंगिनच म्हणतात. पोटात वायू धरला, अंग मोडून आले, तर 'मासुक आंगिन', वारा शिरला. केलान्तान राज्यामध्ये मायन पुतरी नावाचा एक उपचारविधी आहे. एखाद्याच्या अंगात नाचाची, गाण्याची किंवा सिलातची ओढ आहे आणि ती कोंडली गेली, तर तो माणूस आजारी पडतो, असे त्यामागचे गृहीतक आहे, आणि वाद्यांच्या संगतीत त्याला ती ओढ वाहू द्यायची हा उपचार आहे. हे ऐकून मला लगेच आयुर्वेदातला वात आठवला, पण एव्हाना मी सावध झालो होतो. कोंडलेल्या कलेमुळे होणारा आजार वाताच्या कोणत्याही प्रकारात मला बसवता आला नाही, आणि बसवण्याचा हट्टही धरला नाही.

गावात एका लग्नात सिलात पुलुत होते. नवरा-नवरीला राजाराणीसारखे बसवतात आणि त्यांच्यासमोर सिलातचे खेळाडू फुलांच्या हालचालींनी मानवंदना देतात. दोन ढोलकी, थोरली आई आणि धाकटी लेक म्हणवली जाणारी, एक घंटा आणि सरूनाई. हे नाव फारसी सुरनायवरून आलेले आणि आपल्या सनईचे नातलग. हे नाते खरे आहे म्हणून सांगतो. वाजवणारे वृद्ध गृहस्थ नाकाने श्वास घेत आणि गालांतली हवा फुंकत राहत, त्यामुळे सूर कुठे तुटतच नव्हता. चिकगूंनी अनपेक्षितपणे मला पुढे ढकलले. लग्नातले सिलात म्हणजे शोभेचे, असे मी समजत होतो. समोर काक उभ्या होत्या. लय हळू होती, मग ढोलक्या वाढू लागल्या, आणि माझी पावले करवंट्यांच्या त्या तीन टोकांवरून कोणी न सांगता जाऊ लागली. किती वेळ गेला ते कळले नाही. काकांचा हात माझ्या मनगटाकडे आला आणि तो येण्याआधीच माझा गुडघा सुटला होता. मलय लोक याला रासा म्हणतात. ते आपल्या रसाचेच रूप आहे, पण तिथे त्याचा अर्थ चव आणि स्पर्शाने होणारी जाणीव असा उतरला आहे, नाट्यशास्त्रातला नव्हे. बाहेर आलो तेव्हा मी घामाने निथळत होतो आणि माझा श्वास मात्र संथ होता. चिकगूंनी काही म्हटले नाही. त्यांनी माझ्या पायांखालची जमीन पाहिली. ती मंडपातली सिमेंटची होती, तिथे ठसे नव्हते.

युनेस्कोने 2019 मध्ये मलेशियाच्या सिलातला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हापासून बाहेरचे बरेच लोक चौकशी करत येतात. त्यांतले काही माझ्यासारखीच वही आणतात. परवा एका जपानी तरुणाने मला विचारले, की पाण्याची हालचाल नेमकी कोणती. मी त्याला काकांपुढे उभे केले.

गेल्या महिन्यात चिकगूंनी मला विधीने शिष्य करून घ्यायचे ठरवले. आणायच्या वस्तूंची यादी त्यांनी तोंडी सांगितली: पांढरे कापड, सुई, दोरा, लिंबे आणि स्वतःच्या ऐपतीप्रमाणे थोडे पैसे. पांढरे कापड कफनाची आठवण म्हणून. लिंबाच्या पाण्याने स्नान घालतात, ते शुद्धीसाठी. रविवारी आईचा कोल्हापूरहून फोन आला, तेव्हा मी उत्साहाने ही यादी तिला वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने दबल्या आवाजात विचारले, "लिंबू, सुई, दोरा आणि पांढरं कापड? अरे, तुझ्यावर कोणी करणी केली आहे, की तू कोणावर करतो आहेस?"

मी तिला समजावायला गेलो, पण तिला यांतली एकेक वस्तू ओळखीची होती.